घोडी अंगानं भरावी पण माजू नये, खुराक काय द्यावा?

रेवदंड्याची_सुलू

नमस्कार मंडळी. इथे कुत्र्यामांजरांचे धागे ढिगाने आहेत, घोड्याचा शोधून एक सापडला नाही म्हणून नवीन काढतेय.

आमच्याकडे सासऱ्यांच्या काळापासून दावणीला घोडा असतोच. आधी टांगा होता, आता होमस्टे आहे, सीझनला पाहुण्यांच्या पोरांना वाडीतून समुद्रापर्यंत एक फेरी मारून आणायची एवढंच काम. यंदा उन्हाळा संपता संपता नवी घोडी घेतली, सातआठ वर्षांची, स्वभावाने गरीब गाय, पण आली तेव्हाच बरगड्या मोजून घ्या अशी. म्हटलं पावसात काम नाही, गवत भरपूर, आपोआप भरेल. तर पोट सुटलं आणि बाकी सगळं तसंच, कणा वर आलेला, पुठ्ठ्यावर खळगे. मग मिस्टरांनी चंदी वाढवली, भिजवलेले हरभरे, भरडलेला मका, वर गुळाचा खडा. वजन फारसं नाही आलं पण घोडी अशी काही तापायला लागलीये की खरारा करताना जागेवर उभी राहत नाही, पिशवी उडाली तरी चारी पाय हवेत. हिच्यावर लोकांची पोरं कशी बसवू?

तर अंगावर मांस येईल पण मस्ती येणार नाही असं काय घालतात? सध्या दिवसा हिरवं गवत, रात्री भाताचा पेंढा, आणि हरभरा-मका दोन्ही वेळचा मिळून तीनेक किलो.

उंटावरचा_शहाणा

पोट सुटलंय आणि बाकी काही भरत नाही, ही लक्षणं आमच्या घरातही आहेत. उपाय मिळाला की मलाही टॅग करा.

टांगेवाला_बंड्या

ताई मका आजपासून निम्मा करा आणि आठ-दहा दिवसांत बंदच करून टाका. गूळ पण. मका म्हणजे नुसता जाळ, दिवसभर टांगा ओढणाऱ्याला चालतो, उभ्या घोडीला कशाला? आमचे टांगे अलिबागला ओहोटीच्या वेळी किल्ल्यापर्यंत जातात, ओल्या वाळूत चाक ओढायचं म्हणजे घोड्याचा घाम निघतो, त्याला चंदी लागते. तुमची घोडी पाऊसभर उभी आहे, खाल्लेलं जाणार कुठे, अंगात नाचणारच. हरभरा मात्र एकदम तोडू नका, हळूहळू. घोड्याच्या खाण्यात एका दिवसात बदल केला की पोटशूळ ठरलेला.

मालवणी_माणूस

आमच्या आज्याकडे टांगो होतो. तो घोड्याक कुळीथ शिजवन घाली, वायच मीठ टाकून. घोडो भर पावसात सुदीक चकचकीत. आता सगळे इंटरनेटवर बघतत आणि हरभरे वायट म्हणतत. आणि गरम नको तर घोडी कशाक होयी, म्हस बांधा दावणीक, दूध तरी देयत.

उंटावरचा_शहाणा

म्हशीवर पाहुण्यांची पोरं बसवली तर होमस्टेला रेटिंग जास्त मिळेल, मी सिरीयसली सांगतोय.

डॉ_दावण

पशुवैद्य आहे, घाटावर आणि कोकणात दोन्हीकडे नोकरी झाली. थोडं लांबेल.

खुराक बदलण्याआधी घोडी बारीक का आहे ते शोधा. पुरेसं खाऊनही भरत नसेल तर नुसती चंदी ओतून उपयोग नाही. माझा बघायचा क्रम असा.

दात. घोड्याचे दात आयुष्यभर वर येत राहतात आणि घासले जातात. वरच्या दाढांना बाहेरून, म्हणजे गालाच्या बाजूने, आणि खालच्यांना आतून जिभेच्या बाजूने धार येते, गाल-जीभ कापतात, मग चारा नीट चावला जात नाही. अर्धवट चावलेल्या गवताचे गोळे तोंडातून पडतात का बघा. लिदीत लांब काड्या आणि अख्खे हरभरे दिसतात का तेही बघा. वर्षातून एकदा दाढांना कानस मारून घ्यायची असते.

जंत. पोट सुटलेलं आणि बरगड्या उघड्या, हे ऐकल्यावर पहिला संशय जंतांचाच. पण त्यासाठी लीद तपासून घ्या. दर तीन महिन्यांनी डोळे मिटून तेच औषध पाजत राहिलं की जंतांना त्याची सवय होते.

वाळू. हे खास किनाऱ्यावरचं दुखणं. जमिनीवर टाकलेलं गवत उचलताना वाळू पोटात जाते आणि मोठ्या आतड्यात बसते. घरी बघता येतं: ताजी लीद मूठभर पारदर्शक बरणीत घ्या, भरपूर पाणी घालून ढवळा आणि ठेवून द्या. तळाशी वाळूचा थर बसला की समजायचं. थर नाही बसला म्हणून वाळू नाहीच असं मात्र नाही, कधीकधी ती आत धरून राहते. यावर इसबगोल देतात, डोस वजनावर.

आणि सरा. गोमाशांच्या चाव्यातून रक्तात एक परजीवी जातो, पावसाळ्यात आणि नंतर जास्त. ताप येतो जातो, हिरड्या फिकट पडतात, पायांवर पोटाखाली सूज, आणि खाऊनपिऊन घोडा वाळत जातो. रक्त तपासल्याशिवाय कळत नाही. ताप आल्या दिवशी रक्त काढलं तर सापडण्याची शक्यता जास्त. औषध आहे पण ते डॉक्टरनेच द्यायचं.

चारही बाजूंनी घोडी मोकळी निघाली की मग खुराकाचं बोलू.

निवांत_वाचक

घोडा पाळायची ऐपत नाही पण धागा वाचनखुणेत टाकला आहे.

रेवदंड्याची_सुलू

डॉक्टर खूप आभार. गोळे पडतात! हिरव्या गवताचे कमी पण पेंढ्याचे नक्की, आम्हाला वाटायचं पेंढा आवडत नाही म्हणून टाकते. बरणीचा प्रयोग केला, तळाला चांगला बोटभर नाही पण स्पष्ट दिसेल इतका थर आहे. गवत आम्ही अंगणातच टाकतो आणि अंगण म्हणजे वाळूच. हिरड्या मला गुलाबीच वाटल्या, ताप बघितला नाही.

@मालवणी_माणूस म्हशीचा विचार सासूबाईंना ऐकवला, त्या तुमच्या बाजूने आहेत.

टांगेवाला_बंड्या

गवताला गव्हाण करा ताई. जुना प्लास्टिकचा ड्रम आडवा कापला की झालं, खाली रबराची मॅट. आमच्यातले पण अजून वाळूवर टाकतात, सांगून दमलो.

घाटपायथा

दात आणि वाळूचं होईलच, पण धाग्याचा मूळ प्रश्न खुराकाचा होता म्हणून लिहितो. माझ्याकडे दोन घोडे आहेत, एक सारंगखेड्याच्या बाजारातला, तो जन्मजात तापट असल्याने या विषयात पीएचडी झालेली आहे.

आधी वजन काढा. शिंप्याची टेप घ्या, छातीचा घेर पुढच्या पायांच्या मागून, आणि लांबी खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, सगळं सेंटीमीटरमध्ये, भागिले ११,८८०. उत्तर किलोत.

मग चारा. सुक्या हिशेबाने वजनाच्या दीड टक्क्याच्या खाली कधीच जायचं नाही, भरवायचं असेल तर दोन ते अडीच टक्के. इथेच पावसात सगळे फसतात. हिरव्या कोवळ्या गवतात ८० टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. म्हणजे सहा किलो सुक्या चाऱ्याचं काम करायला ३० किलो हिरवं लागतं. दिवसभर चरतेय चरतेय असं दिसतं आणि प्रत्यक्षात आत गेलेलं असतं पाणी. आणि पेंढा म्हणजे पोट भरायचं साधन, त्यात मांस यायला काही नाही.

गरमपणाबद्दल. हरभरा-मका यात स्टार्च असतो, तो आतड्यात गेला की रक्तात साखर भराभर चढते, त्यावर घोडा नाचतो. शिवाय घोड्याचं जठर अंगाच्या मानाने लहान, एका वेळी जास्त स्टार्च घातला की न पचलेला पुढे मोठ्या आतड्यात जाऊन आंबतो, त्यातून पोटशूळ, खूर धरणं (खुरांच्या आत सूज येऊन लंगडणं) वगैरे. वजनाच्या दर किलोमागे एका वेळी एक ग्रॅम स्टार्च ही हद्द धरतात. मक्यात साधारण ७० टक्के स्टार्च. तुमची घोडी २७० किलोची असेल तर एका वेळी ४०० ग्रॅम मका झाला की हद्द संपली, वरून हरभरे वेगळेच. तुम्ही एका वेळेला दीड किलो देताय.

मोठ्या आतड्यात जंतू चाऱ्यातला तंतू आंबवून जी ऊर्जा देतात ती दिवसभर हळूहळू मिळते. दुसरं तेल. तेलात स्टार्चच्या दुपटीपेक्षा जास्त ऊर्जा आणि डोकं फिरत नाही. थंड खुराक म्हणायचा तो हाच, चारा आणि तेल.

रेवदंड्याची_सुलू

घेर १५२, लांबी १३८. म्हणजे २६८ किलो आली. मिस्टर म्हणतात टेप फिरवताना लाथ मारली तो खर्च वेगळा धरा.

तेल कुठलं? किती?

घाटपायथा

सोयाबीन, सूर्यफूल, जे स्वयंपाकाला ताजं आहे ते. भजी तळून उरलेलं नाही. सुरुवात दोन चमचे, दर तीनचार दिवसांनी थोडं वाढवत दोनतीन आठवड्यांत वर जायचं. कमाल १०० किलोमागे १०० मिली, म्हणजे तुमच्याकडे पाव लिटर. तेवढ्यात अर्धा-पाऊण किलो मक्याची ऊर्जा येते. लीद ढिली झाली की एक पायरी खाली. जास्त तेल सुरू केलं की व्हिटॅमिन ई पण द्यावं लागतं, ते डॉक्टर सांगतील.

मालवणी_माणूस

पाव लिटर तेल रोज?? आमच्या घरात म्हयन्याक एवढा लागना नाय. घोडी होयी की हॉटेल?

काशिदचा_वारा

तेलाच्या भावाचा मुद्दा खरा आहे. म्हणून माझं मत खोबऱ्याची पेंड. आपल्याकडे घाण्यावर मिळते, लोक गाई-म्हशींना घालतात आणि घोड्याचं नाव काढलं की हसतात. ऑस्ट्रेलियात खास घोड्यांसाठी पिशव्या भरून विकतात, तापट घोड्यांसाठीच. स्टार्च जवळपास नाहीच, प्रोटीन २० टक्क्यांच्या घरात, आणि पेंडीत राहिलेलं तेल आपसूक मिळतं. मी अर्धा किलो भिजवून सुरुवात केली, आता सकाळ-संध्याकाळ मिळून किलोभर. पहिले काही दिवस तोबऱ्याला तोंडच लावत नव्हता, थोडा चोकर मिसळला तेव्हा कुठे खायला लागला. केस चमकतात आणि पाठीवर ते खळगे होते ते भरले.

डॉ_दावण

+१. खोबऱ्याची पेंड चांगली आहे, पण दोन गोष्टी. त्यात लायसिन (प्रोटीनमधला एक घटक) कमी असतं, पाठीवर-पुठ्ठ्यावर स्नायू भरायचा तर तेच लागतं, म्हणून सोबत पाव किलोच्या आत सोयाबीन पेंड. आणि बुरशी. आपल्याकडच्या हवेत पेंड उघड्या गोणीत ठेवली की आठवड्यात वास बदलतो. अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीचं विष, दिसत नाही आणि शिजवून जात नाही, यकृत खातं. खवट किंवा कोंदट वास आला की सरळ उकिरडा. शेंगदाण्याच्या पेंडीला तर हे दुप्पट लागू.

कुळथाबद्दल मालवणी दादांचे आजोबा बरोबर होते, शिजवूनच द्यायचा, कच्च्या कुळथात पचन अडवणारे घटक असतात. पण त्यांचा घोडा टांगा ओढत होता. मूठदोनमूठ चवीला चालेल, किलोने नको.

शेतकरी_संगमेश्वर

तांदळाचा कोंडा कोणी बोललंच नाही. गिरणीवर फुकटात जमा मिळतो, तेल पण असतं त्यात. आणि माझ्या बांधाला नेपियर गवत आहे, कापून देतो हवं तर, मी घाटपायथ्याला सहमत नाही, आमची जनावरं हिरव्यावरच पोसतात.

घाटपायथा

तुमची जनावरं रवंथ करणारी आहेत ना दादा? गाय-बैल आणि घोडा यांचं पोट एक नाही.

डॉ_दावण

संगमेश्वरकर, कोंडा चांगला पण ताजा दळलेला दोनतीन दिवसांतच खवट होतो. मोठी अडचण ही की कोणत्याही कोंड्यात-चोकरात फॉस्फरस खूप आणि कॅल्शियम अगदी कमी. नेपियर, पॅरा गवत यांत ऑक्झलेट असतं, ते उरलंसुरलं कॅल्शियम बांधून टाकतं. गाईच्या पोटातले जंतू ऑक्झलेट फोडतात, घोड्याला ते तसं जमत नाही. मग शरीर हाडांतून कॅल्शियम काढतं, घोडा लंगडायला लागतो आणि जबड्याची हाडं सुजून तोंड फुगतं. पूर्वी गिरणीवाल्यांच्या घोड्यांना हा आजार नेहमी व्हायचा, कारण तेच, फुकटचा कोंडा.

म्हणून कोंडा-नेपियर ही जोडी मुख्य खाणं नको. देणारच असाल तर सोबत लसूणघास (ल्युसर्न) हवा, त्यात कॅल्शियम भरपूर. घाटावरून सुकी लसूणघास येते, दिवसाला किलो-दीड किलो पुरते. लसूणघासाने घोडा तापतो असं बरेच जण म्हणतात, त्यात स्टार्च कमीच असतो, मला तरी तसं दिसलेलं नाही.

टांगेवाला_बंड्या

मला दिसलंय डॉक्टर. आमचा एक लसूणघासावर दोन दिवसांत वाघ होतो.

डॉ_दावण

असेलही, घोडा तुमचा आहे, तुम्हाला जास्त माहीत. मग त्याला साध्या गवतात मिसळून द्या.

काजूबोंड

जाता जाता, घरात फणसाच्या आठळ्या दोन गोणी सुकवून ठेवल्यात. उकडून घोड्याला चालतात का? प्रश्न गंभीर आहे.

उंटावरचा_शहाणा

घोड्याला देऊ नका, इकडे पाठवा. दोन गोणी काय लपवून बसलात.

घाटपायथा

आठळी म्हणजे स्टार्चच, आपण मक्याला नको म्हणालो त्याच कारणाने नको. पिकलं केळं एखादं द्या, आनंदाने खातात.

काशिदचा_वारा

खाण्यावरून आठवलं, होमस्टेवाल्यांनी नीट वाचा. कुंपणाला कण्हेर असेल तर घोडा तिथे बांधू नका. मूठभर पानंही हृदय बंद पाडू शकतात. छाटलेली वाळकी पानं पण तितकीच विषारी. पाहुणे कौतुकाने पानं तोडून भरवतात, त्यांना बोर्ड लावून सांगावं लागतं. घाणेरीचं पण तसंच, ती यकृताला मारते, घोडे सहसा तोंड लावत नाहीत पण उपाशी असला की लावतात.

रेवदंड्याची_सुलू

बाप रे, गेटपाशी गुलाबी कण्हेर आहे. आज काढायला सांगते.

आणखी एक, दुकानदार म्हणतो गाईंचं सरकीवालं पशुखाद्य द्या, सगळे देतात, वजन लगेच येतं.

डॉ_दावण

नको! गाईंच्या आणि कोंबड्यांच्या काही खाद्यांत मोनेन्सिनसारखं औषध मिसळलेलं असतं. गाईला त्याचा फायदा, घोड्याला थोडंसंही हृदयावर जाऊन प्राणघातक. गोणीवर लिहिलेलं असेलच याची खात्री नाही. सरकीत गॉसिपॉल नावाचं विष वेगळंच. घोड्याच्या ठाणाशेजारी कोंबड्यांचं खाद्य उघडं ठेवत असाल तर तेही हलवा.

मालवणी_माणूस

ह्या मात्र खरा. आमच्या गावात एकाचो घोडो असोच गेलो, कोणाकच कळला नाय कशान.

रेवदंड्याची_सुलू

बऱ्याच दिवसांनी येतेय, गणपतीत वेळ झाला नाही. डॉक्टर येऊन गेले. दाढांना दोन्ही बाजूंना धार होती, गालाला आतून जखम, कानस मारली. लीद तपासली, जंत होते, औषध झालं. रक्तात सरा निघाला नाही. इसबगोल सुरू होतं, बरणीतली वाळू कमी होत गेली. मका, गूळ बंद, हरभरा मूठभर उरलाय तोही फक्त तोबरा दाखवल्यावर यावी म्हणून. आता सुकं गवत गव्हाणीत चोवीस तास, लसूणघास किलोभर, खोबऱ्याची पेंड भिजवून दोन वेळा, थोडी सोयापेंड, तेल शंभर मिलीवर थांबवलंय कारण पेंडीत आहेच, आणि मीठ.

खळगे कमी झाले, बरगड्या हाताला लागतात पण लांबून मोजता येत नाहीत. मुख्य म्हणजे खरारा करताना उभी राहते. पण पूर्वीसारखी मेंगळट पण नाही हो, कान टवकारून असते, परवा वाडीत एकदम पळत सुटली. हे पेंडीने का?

डॉ_दावण

बहुतेक पेंडीने नाही. अर्धपोटी घोडा शांत असतो तो अंगात ताकद नसते म्हणून, विकणारे त्यालाच गरीब स्वभाव म्हणतात. ताकद आली की खरा स्वभाव दिसतो. आता तिला काम हवं, रोज चालवा, पोरं बसवायच्या आधी मोठ्या माणसाने फिरवा.

आणि घाई नको. १९८३ साली हेन्नेकेने घोड्याची अंगकाठी १ ते ९ मध्ये मोजायची पद्धत दिली, तुमच्या वर्णनावरून घोडी तिनाच्या आसपास होती, पाच म्हणजे उत्तम. एक एक पायरी चढायला दोनतीन महिने सहज लागतात. दिवाळीला साडेचार असली तरी हलकी पोरं बसवता येतील.

टांगेवाला_बंड्या

खोगीर परत बसवून बघा ताई. बारीक असताना बेतलेलं असेल तर आता पाठ भरल्यावर चावेल, आणि मग ती उडायला लागली की खुराकाला बोल लावाल.

घाटपायथा

आणि पुढच्या वर्षीच्या गवताचं आत्ताच बघा. आपल्याकडे वरकसचं (डोंगरउताराच्या हलक्या जमिनीचं) गवत दिवाळीनंतर कापतात, तोवर बी गळून नुसत्या काड्या उरतात. फुलोऱ्यात असताना कापलं तर त्यात दम असतो.

रेवदंड्याची_सुलू

फुलोऱ्यात असताना इथे पाऊस पडत असतो हो, वाळवू कुठे? गच्चीवर?

चौलकर

आजवर नुसता वाचत होतो. आमचं चौलला उतारावर वरकस आहे, पाणी थांबत नाही, घरी कोणी गुरं ठेवत नाही आता. चारपाच दिवस उघाड मिळाली की कापून न्या, मोकळी पडवी पण आहे सुकवायला. पैसे नकोत, पोरांना एक फेरी मारून द्या.

रेवदंड्याची_सुलू

व्यक्तिगत निरोप केलाय.